डिंपलसाठी धरलेला उपास

रविवारची उपासना संपली, बायका खाली अंथरलेल्या दऱ्या-सतरंज्या झटकायला लागल्या, तेव्हा पास्टर शालिकरामांनी सुप्रियाला पुढे बोलावलं आणि तिच्या मैत्रिणीच्या, डिंपलच्या, लग्नाच्या रिश्त्यासाठी उपास धरायला सांगितलं.

"आंटी आहे, भाऊरावजी आहे, तिसरी तू," ते म्हणाले. "लहान आहेस. पण प्रभू काही वय पाहत नाही."

आंटी म्हणजे पास्टरांची बायको आणि भाऊरावजी मंडळीतले सगळ्यांत जुने; सुप्रिया मात्र एकोणीस वर्षांची होती. इतक्या लहान मुलीला तिसऱ्या जागी मंडळीत आजवर कोणी बसवलं नव्हतं. तिची आई, मंगला, हातातली दरी छातीशी धरून तशीच उभी राहिली. नेहमी गप्प असणाऱ्या वडिलांनी, गुणवंताने, दोनदा मान हलवली. सुप्रियाने होकार दिला. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

पांढुर्ण्याच्या या छोट्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाला पत्रिका लागत नसे आणि मुहूर्तही. कोणाचं जुळत आलं की तिघांनी तीन शुक्रवार उपास धरायचे, प्रार्थनेत राहायचं, आणि ठरलेल्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की मनाला शांती मिळाली, म्हणजे प्रभूचा होकार आला, की नाही. एकाने जरी नाही म्हटलं तरी गोष्ट तिथेच थांबायची. कारण कोणी विचारत नसे. पल्लवीचं असंच थांबलं होतं. भाऊरावजी उठले, "मले शांती नाही," एवढं म्हणाले आणि खाली बसले. पल्लवी तेव्हापासून मागच्या ओळीत, खांबाला टेकून बसते. गाणी म्हणते, टाळ्याही वाजवते, पण पुढे येत नाही.

आता डिंपलचं जुळायचं की मोडायचं, हे सुप्रियाच्या शब्दावर होतं.

तिची निवड का झाली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त जे ठाऊक होतं ते चुकीचं होतं.

त्याची सुरुवात रामाकोन्याला, कन्हान नदीत झाली होती. सुप्रिया आणि डिंपल एकाच सकाळी बाप्तिस्म्याला उतरल्या होत्या. पांढरे कुर्ते, कमरेइतकं पाणी, थंडी अशी की दात वाजत होते. पास्टरांनी सुप्रियाला मागे टेकवून बुडवलं आणि उचललं. कानात पाणी, डोळ्यांवर केस, काही दिसेना. तेवढ्यात कोणीतरी तिचा हात पकडला. डिंपल होती, शेजारी आपल्या पाळीची वाट बघत उभी. ढोलक वाजवून वाजवून तिच्या तळहाताची कातडी कडक झाली होती आणि एवढ्या गार पाण्यात तो हात गरम होता. हा हात सुटू नये, असं सुप्रियाला वाटलं. आणि त्या वाटण्यासोबतच बाकीचं सगळं कळलं. डिंपलशेजारची जागा धरण्यासाठी रविवारी लवकर निघायची घाई, डिंपल दुसऱ्या कोणाशी हसली की काहीतरी काम काढून तिला उठवणं, या सगळ्याला ती आजवर मैत्री म्हणत आली होती. ती मैत्री नव्हती. ती पाण्यात उभी राहून रडायला लागली.

काठावरून कोणीतरी म्हणालं, "आत्मा उतरला व पोरीवर."

पुढच्या रविवारी मंगलाने उभं राहून साक्ष दिली, की माझ्या लेकीला प्रभूने पाण्यात स्पर्श केला. गुणवंता आधी दारू प्यायचा. प्रभूकडे आल्यावर ती सुटली, आणि तिच्यासोबत घरातून टीव्ही गेला, टिकली गेली, सिनेमातली गाणी गेली, शेजारच्या घरातल्या सणाचं ताट गेलं. सौसरच्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये आनंद साजरा करायला फारसं काही उरलं नव्हतं. लेकीचं रडणं मंगलाला सणासारखं वाटलं.

मग ते रडणं वाढत गेलं. डिंपलच्या आईला दमा. दर रविवारी त्या घरासाठी प्रार्थना व्हायची, आणि डिंपलचं नाव निघालं की सुप्रियाचे डोळे भरायचे. लोक म्हणायला लागले, पोरीला मध्यस्थीचं दान आहे, दुसऱ्याचं ओझं ती आपल्या मनावर घेते. ती फक्त एकाच घरासाठी रडते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचे डोळे तेव्हा मिटलेले असत.

कुलदीप नागपूरच्या मंडळीतला होता. एसी दुरुस्त करायचा आणि रविवारी कीबोर्ड वाजवायचा. रिश्त्याची बोलणी सुरू झाल्यापासून तो पांढुर्ण्यालाच उपासनेला यायला लागला.

सुप्रिया त्याच्यात खोट शोधत राहिली. शर्ट धुतलेला. बोलणं हळू. डिंपलच्या आईला पंपाचं औषध कसं ओढायचं ते त्याने शेजारी बसून शिकवलं. चहा झाल्यावर स्वतः उठून सगळ्यांचे कप गोळा केले आणि नळावर नेऊन धुतले. हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं. तो उद्धट असता, त्याच्या तोंडाला गुटख्याचा वास येत असता, तर तिला किती सोपं गेलं असतं.

पण खरी आग लागली ती गाण्याच्या वेळी. इतकी वर्षं गाणं सुप्रिया उचलायची. पहिली ओळ तिची. डिंपल ढोलकवर हात ठेवून तिच्याकडे बघत थांबायची, सुप्रिया मान किंचित खाली करायची आणि थाप पडायची. आठवडाभर सुप्रिया त्या एका बघण्यावर जगायची. तो पहिल्यांदा कीबोर्डवर बसला त्या रविवारी सुप्रियाने ओळ उचलली, मान खाली केली, आणि डिंपलने मान वळवून कुलदीपकडे बघितलं. त्याने बोट वर केलं. थाप पडली. ठेका नीट होता, आधीपेक्षाही नीट. सुप्रिया गात राहिली आणि तिच्या मनात आलं, याचं बोट मोडावं.

गाणं येशूच्या प्रेमाचं होतं.

पहिल्या शुक्रवारी ती सकाळपासून आतल्या खोलीत गुडघ्यांवर बसली. प्रभू, हे होऊ देऊ नको, एवढंच मागत राहिली. मग त्या मागण्याची भीती वाटली. आपल्यात दुष्ट आत्मा असेल का, असंही वाटलं, कारण अशा गोष्टींना वडिलांकडे तेवढा एकच शब्द होता. एकदा टीव्हीच्या दुकानासमोर दोन मुलींचा हात हातात घेतलेला फोटो बघून त्यांनी रस्त्यातच डोळे मिटले होते आणि पुटपुटत प्रार्थना केली होती. ती रडली. बाहेर मंगला दाराला कान लावून होती. आवाज थांबल्यावर तिने दार थोडं उघडून लिंबाचं पाणी आत सरकवलं.

"प्रभू बोलून राह्यला का व तुह्याशी?"

सुप्रियाने लिंबाच्या पाण्याचा ग्लास उचलला.

"नको सांगू. मले कायले सांगते. रविवारीच सांगजो." मंगलाने तिच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. "किती जीव लावते त्या पोरीले. सख्खी बहीण नाही लावत एवढा."

दुसऱ्या शुक्रवारी तेच झालं. आणि मग त्यानंतरच्या रविवारी, उपासना झाल्यावर, हॉलच्या मागच्या नळावर चहाचे कप धुवायला ती आणि डिंपल दोघीच होत्या.

"काय व सुपे, वाळून गेली तू," डिंपल म्हणाली. "माह्या लग्नापायी मरतं का काय आता?"

"उपास आहे."

"मीही धरते म्हटलं तं आई म्हणे, तू नवरी आहे, तोंड उतरून जाईन. म्हणजे तू उपाशी अन् मी पोहे हाणून राहिली. चांगला हिशेब आहे."

सुप्रिया हसली नाही. "तुले आवडते का तो?"

"कोण, कुलदीपजी?" डिंपलने कप उलटा ठेवला. "माणूस बरा आहे. कप धुते. माह्या बापानं जिंदगीत कप नाही उचलला."

"ते नाही विचारलं मी."

"आवडन हळूहळू. नागपूरले नर्सिंगचं शिकू देईन म्हणते. इथं काय आहे? मंडीत दिवसभर संत्रे निवडा अन् घरी येऊन आईले वाफ द्या." तिने हात ओढणीला पुसले आणि एकदम गंभीर झाली. "पण एक सांगते तुले. आंटी हो म्हणीन, भाऊरावजी हो म्हणीन, त्याचं मले काही नाही. तू नाही म्हटलं तं मी नाही करणार. कोणी काही म्हणो. तू जेवढं माह्यासाठी रडली ना, तेवढी माही मायही नाही रडली. तुह्या तोंडून प्रभू माह्यासाठी खोटं नाही बोलणार."

नळ चालूच होता. सुप्रियाने तो बंद केला. एक शब्द पुरणार होता, तोही देवाच्या नावाने, आणि तिला कोणी काही विचारणार नव्हतं. डिंपल पांढुर्ण्यालाच राहिली असती. ढोलकवर हात ठेवून पुन्हा तिच्याकडे बघत थांबली असती.

सौसरला परत जाताना बसमध्ये तिने तो शब्द मनात म्हणून पाहिला. जड वाटला नाही. तिसऱ्या शुक्रवारी ती रडलीच नाही. मंगलाला वाटलं, उत्तर मिळालं.

ठरलेल्या रविवारी नागपूरहून कुलदीपची आई आली. मंडळीत अंगठी चालत नसे, दागिना म्हणजे जगातल्या, प्रभूबाहेरच्या लोकांचा. त्याऐवजी मुलीच्या मांडीवर नवीन बायबल ठेवायचे, वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. तिघांनी शांती सांगितली की मुलगी ते उघडून एक वचन मोठ्याने वाचायची, मग झालं ठरलं. डिंपल पहिल्या ओळीत बसली होती, मांडीवर ते बायबल, दोन्ही हात त्यावर. बाजूला ढोलक. कुलदीप कीबोर्डमागे, वचन वाचून झालं की गाणं वाजवायच्या तयारीत.

आंटी उठल्या. "मला शांती आहे."

भाऊरावजी उठले. "शांती."

सुप्रिया उठली. तिचे वडील भिंतीशी ताठ बसले होते. आईचे ओठ आधीच स्तुतीसाठी हलायला लागले होते.

"मले शांती नाही," ती म्हणाली.

कोणी काही विचारलं नाही. डिंपलने वर बघितलं, सरळ सुप्रियाच्या डोळ्यांत. तिच्या बघण्यात राग नव्हता, शंका नव्हती. मग तिने मांडीवरचं बायबल उचललं, ओढणीच्या टोकाने त्याच्या पुठ्ठ्यावरचं नाव उगाच पुसलं, आणि दोन्ही हातांनी कुलदीपच्या आईला परत दिलं. कुलदीपने कीबोर्डचा स्विच बंद केला. बारीकसा लाल दिवा विझला.

सुप्रियाला जे हवं होतं ते तिच्यासमोर झालं होतं, आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं. इतकं बरं, की तिला हसू येईल की काय असं झालं.

डिंपल उठली. पुढची ओळ आता तिची नव्हती. ती बायकांच्या मधून वाट काढत मागे गेली. पल्लवीने काही न बोलता खांबापासून थोडं सरकून तिला टेकायला जागा करून दिली.

"थांबा," सुप्रिया म्हणाली.

पास्टर प्रार्थनेला डोळे मिटत होते. त्यांनी ते उघडले.

"प्रभूनं नाही म्हटलं नाही. तो माह्याशी काहीच नाही बोलला. मीच बोलली."

"म्हणजे काय बेटा? शांती आहे का नाही?"

"नाही आहे. पण ते माह्यं आहे. तिनं जाऊ नये असं मले वाटते."

बायकांमध्ये कोणीतरी सुटकेने हसलं. आंटींनी हात हलवला. "मैत्रीण आहे. वाटनच. रडते मुली अशा वेळी."

इथे खाली बसून घेता आलं असतं. आंटींनी दार उघडून दिलं होतं. सुप्रियाने मागे बघितलं. खांबाशी दोघी बसल्या होत्या, आणि डिंपल अजूनही तिच्याकडे तसंच बघत होती, जणू यापुढेही ती जे सांगेल ते खरंच असेल.

"मैत्रीण म्हणून नाही, आंटी," ती म्हणाली. "कुलदीपजीले जसं वाटते, तसं."

पुढचं सगळं एकदम झालं. पास्टरांचा आवाज चढला, पुरुष उठले, तिच्याभोवती कडं झालं. डोक्यावर हात पडले. त्यांतला एक वडिलांचा होता, जड. सगळे मोठमोठ्याने तिच्यातून काहीतरी बाहेर जायला सांगत होते. इतके दिवस जिच्या रडण्याची सगळ्यांना सवय होती, ती मधोमध कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. हातांच्या फटीतून तिला आई दिसली. मंगला त्या कड्यात नव्हती. ती एकटीच, कोणी सांगितलं नसताना, दऱ्या गोळा करत होती.

बाहेर फाटकाशी डिंपलने तिला गाठलं. बायबल पुन्हा तिच्या हातात होतं, कुलदीपच्या आईने परत दिलेलं; सुप्रियाचं नाही म्हणणं कोणी धरलं नव्हतं.

"सगळ्या मंडळीले सांगतलं," ती म्हणाली. "मले नळावर सांगतलं असतं तं?"

"काय केलं असतं तू?"

"माहीत नाही. पण पह्यले मले सांगाचं होतं ना व. तुह्या एका शब्दावर मी वापस करून टाकलं होतं. कायले, विचारलंही नाही." तिने नाक ओढलं. "मी माह्या मायचं नाही ऐकत एवढं."

सुप्रियाने तिच्या हाताकडे बघितलं. डिंपलने तो पुढे केला नाही, पण ती लगेच गेलीही नाही. आतून तिच्या आईने हाक मारली तेव्हा गेली. मग ते घरी निघाले तेव्हा कुलदीपने ढोलक खांद्यावर घेतलं आणि तो तिच्यासोबत चालायला लागला. ढोलकची दोरी सैल झाली होती, ती डिंपलने चालता चालता ओढून दिली. सुप्रियाला ते बघवत नव्हतं आणि ती शेवटपर्यंत बघत राहिली.

बसमध्ये गुणवंता पुढे, ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. बोरगावच्या कंपनीची बस तो स्वतः चालवायचा, दुसऱ्याच्या बसमध्ये तो नेहमी पुढे बसून रस्ता बघायचा. आज त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मंगला लेकीशेजारी बसली. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे मागे जात राहिले.

"रामाकोन्यालेही?" मंगलाने विचारलं.

"हो."

"पाण्यातच?"

"हो, आई."

"मी तं साक्ष देली होती," मंगला म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग लोधीखेड्याकडची कोणी ओळखीची बाई बसमध्ये चढून तिच्याशी बोलून पुढे गेल्यावर, तिने पिशवीतून डबा काढला आणि सुप्रियाच्या मांडीवर ठेवला. "खा. सकाळपासून काही नाही पोटात."

संध्याकाळी घरची प्रार्थना झाली. ती कधी चुकली नव्हती. चटईवर तिघं, मध्ये उघडं बायबल. आधी गुणवंता, मग मंगला, मग सुप्रिया, असा क्रम होता. सुप्रियाची पाळी आली की आई नेहमी थोडी पुढे सरकून बसायची.

गुणवंताने लांब प्रार्थना केली. तीत लेकीचं नाव नव्हतं, फक्त "या घरातला अंधार" होता. मंगलाची प्रार्थना दोन वाक्यांत संपली. लगेच गुणवंता म्हणाला, "येशूच्या नावानं, आमेन," आणि त्याने बायबल मिटलं.

"तिची पाळी राह्यली," मंगला म्हणाली.

"आज नको."

"काहून नको? पाळी तिची आहे."

"मंगला."

"तुम्ही पिऊन येत होते, तेव्हा पास्टरनं तुम्हाले पाळी देली होती का नव्हती? तोंडाचा वास येत होता तरी देली." तिचा आवाज वर गेला नाही. "प्रार्थना कर व."

गुणवंता उठला नाही. त्याने मिटलेल्या बायबलवर हात ठेवला आणि डोळे बंद केले.

इतकी वर्षं ती या जागी बसून रडली होती, शब्द कधी लागलेच नव्हते.

"प्रभू," ती म्हणाली, "डिंपलले नागपूरले बरं ठेव. तिचं नर्सिंगचं होऊ दे. तिच्या आईले श्वास येऊ दे." ती थांबली. "मले कुलदीपजीचा हेवा वाटते. सकाळी वाटत होता, आताही वाटून राह्यला. उद्याही वाटन. मले ती पाह्यजे होती. आमेन."

बाहेर शेजारच्यांच्या टीव्हीवर गाणं लागलं होतं, त्यातली एक ओळ पूर्ण ऐकू आली.

"आमेन," मंगला म्हणाली, एकटीच. मग तिने पोळ्यांचा डबा ओढून पुढ्यात घेतला आणि पहिली पोळी सुप्रियाच्या ताटात वाढली.